सहावा भाग पलीकडच्या दुकानात

वडील गेल्यावर दोन भावांनी घरातल्या खोल्या, भांडी आणि स्कूटर अर्ध्या तासात वाटून घेतली. दुकानाला तीन दिवस लागले.

दुकान जुन्या पुस्तकांचं होतं. एकच लांब गाळा, रस्त्याकडे उघडणारी दोन दारं, आत छतापर्यंत फळ्या. थोरल्याला कादंबऱ्या हव्या होत्या, पण कोश सोडवत नव्हते. धाकटा कोश घ्यायला तयार होता, पण प्रवासवर्णनं मिळाली तरच. प्रवासवर्णनं दोघांनाही हवी होती. पहिला दिवस यातच गेला. वाद पैशाचा नव्हता, हे नोंदवायला हवं. सगळ्यात जास्त खपणारी पुस्तकं म्हणजे परीक्षेची गाइडं, आणि ती दोघंही एकमेकांच्या अंगावर ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी आत्याला बोलावलं. वडिलांची ही धाकटी बहीण शाळेत पी.टी. शिकवायची. सगळं आयुष्य मैदानावर गेलेलं, गळ्यात शिट्टी, आणि पुस्तकाशी संबंध खेळांच्या नियमावलीपुरता. तिने दोघांचं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मुलांचे दोन संघ पाडावेत तसा निकाल दिला.

"डाव्या कोपऱ्यापासून सुरू करा. एक याचं, एक त्याचं. निवडानिवड नाही, हाताला येईल ते. थोरला पहिला. चला."

वाटणी सुरू झाली. तासाभराने दहा खंडांचा एक कोश आला. वडिलांना खंड मागेपुढे झालेले खपायचे नाहीत, त्यामुळे तो फळीवर क्रमाने उभा होता. ‘थोरला पहिला’ या हुकमाने नव्या संचाची सुरुवात दरवेळी थोरल्यापासूनच होत होती; पहिला खंड थोरल्याकडे गेला, दुसरा धाकट्याकडे, तिसरा थोरल्याकडे. चौथ्या खंडापाशी धाकट्याचा हात थांबला. थोरलाही थांबला. काय होतंय ते दोघांना कळलं होतं. पण जो आधी बोलेल त्याला आपले खंड सोडावे लागतील, हेही दोघांना त्याच क्षणी कळलं. धाकट्याने चौथा खंड उचलला.

बाहेर खुर्ची टाकून बसलेली आत्या थोरल्याच्या बायकोला म्हणाली, "आवाज येत नाहीये. म्हणजे नीट चाललंय."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानातला एकही संच अखंड राहिला नव्हता. आठवड्याभरात गाळ्याच्या मधोमध प्लायवुडचं पार्टिशन उभं राहिलं, एकेका दाराची दोन दुकानं झाली, आणि चौथ्या खंडापाशी गप्प झालेले भाऊ पुढची बारा वर्षं गप्पच राहिले. उघड भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायला कुणाला काही सापडेना.

रस्त्यावरच्या लोकांनी या प्रकाराची मजा घेतली. एकाला विषमराव म्हणायचे, दुसऱ्याला समराव. तीन भागांतली कादंबरी वाचणाऱ्याला एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत जावं लागे, आणि पुन्हा पहिल्या दारात यावं लागे. "दुसरा भाग आहे का?" असं विचारलं की थोरला पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, "पलीकडे विचारा." धाकटा म्हणायचा, "शेजारी." भाऊ हा शब्द कुणीच वापरत नव्हतं. काही गिऱ्हाइकांना ही धावपळ आवडायची. बहुतेकांना नाही आवडायची, आणि ती परत येत नसत.

धाकट्याने लग्न केलं नव्हतं. थोरल्याची बायको, जिला सगळा रस्ता वहिनी म्हणायचा, रोज दुपारी एक डबा नवऱ्याच्या टेबलावर ठेवायची आणि दुसरा घेऊन बाहेर पडायची.

"कुणाला?" थोरला विचारायचा.

"शेजाऱ्यांना," ती म्हणायची. बारा वर्षं हेच उत्तर.

आत्या निवृत्त झाली, आणि मैदानाने वापरून घेतलेल्या गुडघ्याने शेवटी हात टेकले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हालचाल बंद सांगितली. ती थोरल्याकडे राहायला आली आणि चार दिवसांत घरातल्या प्रत्येकाला बसायचं कसं, उठायचं कसं ते शिकवून झालं. पाचव्या दिवशी वहिनीने तिच्या हातात एक जाड पुस्तक दिलं.

"हे कशाला?"

"झोप येईल."

झोप आली नाही. पुस्तक म्हणजे एका दीपगृहाच्या राखणदारणीची सात भागांची कादंबरी होती. लेखकाचं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. राखणदारीण खडकावर एकटी राहते आणि दिवा सांभाळते. तिचा भाऊ मालाची बोट चालवतो, आणि त्या दोघांचं पहिल्या भागातच बिनसतं. सकाळी आत्याने चहाच्या आधी दुसरा भाग मागितला.

"तो आपल्याकडे नाही," थोरला म्हणाला.

"मग कुणाकडे आहे?"

थोरल्याने भिंतीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "शेजाऱ्यांकडे."

अशी आत्या वाचायला लागली. पहिला इकडचा, दुसरा तिकडचा, तिसरा इकडचा. चौथा भाग आणायला ती काठी टेकत स्वतः धाकट्याच्या दुकानात गेली. त्या फळ्यांसमोर उभं राहून तिने कितीतरी वर्षांत पहिल्यांदा पुस्तकांच्या पाठी नीट वाचल्या. खंड दोन, चार, सहा. भाग दुसरा. उत्तरार्ध. पुन्हा उत्तरार्ध.

"अरे, ही सगळी अर्धीच आहेत की!"

"हो."

"हे मी केलं?"

"छे," धाकटा म्हणाला. "तू नुसती शिट्टी वाजवलीस. खेळलो आम्ही."

दीपगृहाचे भाग दोन्ही दुकानांत विकायला नव्हते. का, ते आत्याला धाकट्याकडून कळलं. दोघं शाळेत असताना वडिलांना पहिला भाग एका रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाला. पुढचे भाग असेच, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून, वर्षावर्षाच्या अंतराने आले, आणि तेही उलटसुलट. चौथा तिसऱ्याच्या आधी आला, तर वडिलांनी तो कपाटाच्या वर ठेवून दिला. भाग गाळून वाचायचं नाही, हा घरातला एकमेव कडक नियम. मुलं खुर्चीवर चढून नुसती चौथ्याची पाठ बघायची. पाचवा येईपर्यंत दोघांना मिशा फुटल्या होत्या. सहावा आणि सातवा एकाच गठ्ठ्यात आले, वडील आजारी पडले त्या महिन्यात. "मी बरा झालो की तिघं मिळून वाचू," ते म्हणाले. ते बरे झाले नाहीत.

"मग वाटणीत सहावा माझ्याकडे आला, सातवा त्याच्याकडे."

"म्हणजे त्याने अजून सातवा वाचलेला नाही? फळीवर आहे तरी?"

"सहावा कुठे वाचलाय त्याने!" धाकटा म्हणाला. मग टेबलावरची धूळ झटकत विचारलं, "तुला सातवा देईल ना तो? वाचून झाला की शेवट सांग मला. सहज. त्याला कळू न देता."

आत्या सहाव्या भागात अर्ध्यावर होती तेव्हा ती बातमी आली. थोरला दुकान बंद करणार होता. अर्धे संच कुणी घेत नाही, हे त्याने बारा वर्षं पाहिलं होतं. आता त्याची पाठही धरत होती. कोपऱ्यावरच्या गादीवाल्याला गोदामासाठी जागा हवी होती, आणि तो टेप लावून फळ्यांची मापं घेऊन गेला होता. शुक्रवारी किल्ल्या द्यायच्या. पुस्तकं रद्दीत, वजनावर.

"सगळी?" आत्याने विचारलं.

"सातवा भाग ठेवीन. घरी."

"न वाचता?"

थोरला रद्दीच्या वजनाचा हिशोब मांडायला बसला.

बातमी पार्टिशनच्या पलीकडेही गेली. धाकटा दिवसभर उगाच पुस्तकं काढून परत त्याच जागी लावत राहिला. वहिनीने डबा दिला तेव्हा म्हणाला, "मग माझ्याकडच्यांचं तरी काय करायचं? सम खंड नुसते कोण घेतं?" आणि डबा तसाच परत पाठवला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

परत आलेला डबा बघून आत्याचा पारा चढला. तिने आधी सरळ मार्ग करून पाहिला. थोरल्याला म्हणाली, जा, बोल. तो म्हणाला, "बारा वर्षांनी काय बोलू? कसा आहेस विचारू?" धाकट्याला म्हणाली, तू तरी जा. तो म्हणाला, "मोठा तो आहे." आत्याने पुस्तक मिटलं, पाय उशीवर घेतला आणि तीस वर्षं मैदानावर काय पाहिलं ते आठवायला लागली. एकमेकांशी न बोलणारी मुलं तिने पुष्कळ पाहिली होती. समजावून ती कधीच बोलत नसत. पण स्कोअर चुकीचा सांगितला की दोन्ही बाजूंनी एकदम ओरडायची.

बुधवारी सकाळी ती वाचून झालेला सहावा भाग धाकट्याला परत देऊन थोरल्याच्या दुकानात गेली आणि पार्टिशनला खुर्ची टेकवून बसली. आवाज मैदानावरचा होता.

"सहावा संपला रे माझा. सातवा काढ."

थोरला स्टुलावर चढला, सातवा भाग काढला, पुसला, पण हातातच धरून ठेवला. "देतो. पण आधी सांग. सहाव्यात शेवटी काय होतं?"

"होतं काय! वादळ येतं. भावाची बोट खडकाकडे येत असते. आणि ही बया सरळ दिवा विझवते."

"काय?"

"फुंकर मारून. सूड. चांगला धडा शिकवला म्हण."

थोरला स्टुलावरून खाली उतरला. "राखणदारीण? दिवा विझवते? शक्यच नाही."

"मी वाचलंय. तू वाचलंयस का?"

पार्टिशनपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग प्लायवुडवर एक थाप पडली.

"विझवत नाही ती!"

थोरल्याचा हात सातव्या भागावर घट्ट झाला. तो आत्याकडे बघायला लागला. आत्या छताकडे बघत होती.

"विझवत नाही," पलीकडून आवाज आला. "तेल संपतं. दिवा विझतो. विझवणं वेगळं आणि विझणं वेगळं. वाचताना डोळे कुठे होते तुझे, आत्या?"

थोरला हळूच म्हणाला, "आत्या, त्याला सांग, तेल संपेल कसं? पाचव्या भागात पिंप काठोकाठ भरलेलं आहे."

"मी कुणाला काही सांगणार नाही. माझा गुडघा दुखतोय."

"त्याला सांग—"

"ऐकू येतंय मला!" पलीकडून. "पिंप भरलेलं असेल. पाचवा वाचून मला बारा वर्षांवर झाली. तुझ्याकडे आहे, तूच बघ!"

"बघायची गरज नाही. पाचव्याचं शेवटचं प्रकरण. ती पिंपावर हात मारून बघते, आवाज भरीव येतो. हे वाक्य बाबांनी दोनदा वाचून दाखवलं होतं."

"मग गळत असेल!"

"लोखंडी पिंप गळतं?"

"समुद्रावर काय गंज चढत नाही?"

"तसं लिहिलंय का? लिहिलंय तेवढंच बोल!"

"तेल संपलं असं लिहिलंय!"

"पान दाखव!"

"ये की बघायला! दार उघडंच आहे!"

दोघंही भलतंच बोलून बसले होते. आत्याने छतावरची नजर खाली आणली, पण मान हलवली नाही. एक गिऱ्हाईक दारात आलं होतं, ते तसंच उभं राहिलं.

थोरल्याने टेबल बघितलं, सातवा भाग बघितला, चपला बघितल्या. मग म्हणाला, "माझी पाठ दुखते." आवाज खालचा होता, पण प्लायवुड पातळ होतं.

जरा वेळाने धाकटा दारात उभा होता. हातात सहावा भाग, शेवटच्या पानांत बोट घातलेलं. गिऱ्हाइकाला बाजूला करून तो आत आला आणि उघडलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे बघ. चौथी ओळ."

थोरल्याने पुस्तक मिटलं.

"अरे, बघ ना!"

"शेवटचं पान आधी वाचू? बाबांनी कान उपटले असते." त्याने पहिलं पान उघडलं, चष्मा चढवला आणि वाचायला बसला.

धाकटा टेबलापाशीच राहिला. पुस्तक दुकानाबाहेर ठेवायची त्याला सवय नव्हती, आणि ते सोडून परत जाववतही नव्हतं. दारातलं गिऱ्हाईक अजून होतं. "कोशाचा तिसरा खंड आहे का?" त्याने विचारलं.

"पल—" धाकटा म्हणायला लागला आणि थांबला. मग मान वर करून थोरल्याच्या फळ्या बघितल्या. त्या वडील असताना त्यानेच रंगवल्या होत्या, आणि कोशाची जागा बदललेली नव्हती. तिसरा खंड कुठे असेल ते त्याला शोधावं लागलं नाही. "आहे. चौथाही हवाय का?"

आत्या उठली. बाहेर वहिनी दोन डबे घेऊन येत होती.

"दोन्ही याच दुकानात दे," आत्या म्हणाली. "आणि थोरल्याने ‘ती दिवा विझवते कुठे’ म्हणून माझं डोकं खाल्लं तर सांग, म्हातारी आहे, विसरते."

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"फाऊल मुद्दामच करतात गं. पंचाला दिसला नाही म्हणजे झालं."

थोरल्याने सहावा भाग गुरुवारी संध्याकाळी संपवला. चष्मा काढला आणि म्हणाला, "तेल संपतं." धाकटा म्हणाला, "सांगत होतो." थोरला म्हणाला, "पण पिंप भरलेलं होतं." त्यावरून पुन्हा जुंपली, आणि ती सातव्या भागाशिवाय मिटणार नव्हती.

सातवा भाग एक होता आणि वाचणारे दोन. थोरल्याचं म्हणणं, पुस्तक त्याचं. धाकट्याचं म्हणणं, सहावा त्याने दिला नसता तर सातवा मरेपर्यंत फळीवर राहिला असता. शुक्रवारी सकाळी हा वाद इतका चढला की वहिनीला भीती वाटली, आता पार्टिशनला दुसरं पार्टिशन लागतंय. आत्याने पिशवीतून शिट्टी काढली. फळ्यांनी भरलेल्या गाळ्यात ती फारच मोठी वाजली.

"मोठ्याने वाचायचं. एक पान याचं, एक पान त्याचं. थोरला पहिला. चला."

दोघांनी तिच्याकडे बघितलं. निकाल तोच होता. या वेळी त्यात खोट सापडेना.

टेबलाच्या एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा, मधे पुस्तक. विषम पानं थोरल्याची, सम पानं धाकट्याची. थोरला सावकाश वाचायचा, प्रत्येक स्वल्पविरामाला मान देत. धाकटा घाई करायचा आणि टोकला की म्हणायचा, "तुझ्या वेगाने गेलो तर बोट बुडून गंजेल." आत्या पाय स्टुलावर घेऊन बसली होती. वहिनी भाजी निवडायचं सोडून दारात उभी होती.

साठाव्या पानाच्या आसपास गादीवाला हमालाला घेऊन आला. "किल्ल्या?"

धाकट्याने हात वर केला. "पान संपू दे."

पान संपलं. थोरला म्हणाला, "गाळा देत नाहीये मी. माफ करा. कालच येऊन सांगायला हवं होतं, पण सहावा भाग चालू होता."

"अहो, मी मापं घेतलीत! गाद्या टेम्पोत आहेत!"

"बसा ना," वहिनी म्हणाली. "चहा ठेवते."

गादीवाला संतापाने बसला. त्याचा चहा गार झाला. काही पानांनंतर त्याने विचारलं, "ही बाई एवढी एकटी का राहते?"

दोघं भाऊ एकदम बोलले. "पहिल्या भागापासून वाचावं लागेल."

"माझ्याकडे आहे," थोरला म्हणाला.

"दुसरा माझ्याकडे," धाकटा म्हणाला. "इथेच आणून ठेवतो."

पिंपाचं कोडं दुपारी सुटलं. पाचव्या भागात पिंप खरोखर भरलेलं होतं. वादळाच्या आधी राखणदारणीने ते रातोरात भावाच्या बोटीवर चढवलं होतं, कुणाला न सांगता, त्याला लांबचा पल्ला आहे म्हणून. त्यामुळे दीपगृहात तेल संपलं. म्हणजे दोघंही बरोबर होते. ही गोष्ट दोघांनाही फारशी आवडली नाही. थोरला म्हणाला, "हे सहाव्यात सांगायला काय हरकत होती?" धाकटा म्हणाला, "मग सातवा कुणी घेतला असता?"

गादीवाला हमालाला केव्हाच परत पाठवून बसला होता. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी शेवटचं पान आलं. ते विषम होतं. थोरल्याने चष्मा सारखा केला, पानावर नजर टाकली, आणि पुस्तक फिरवून धाकट्यापुढे सरकवलं.

"तू वाच."

"तुझं पान आहे."

"आवाज बसलाय माझा."

आवाज अजिबात बसलेला नव्हता. हे दुकानातल्या सगळ्यांना ऐकू आलं होतं. आत्याचा हात शिट्टीकडे गेला, आणि तिने शिट्टी उचलून परत पिशवीत टाकली.

धाकट्याने पान नीट दाबून सपाट केलं आणि वाचायला सुरुवात केली. या वेळी अजिबात घाई न करता.